८७० किलोमीटर, सात तास

कराची ते मुंबई हे सरळ रेषेतलं हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर आहे. ते काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि त्रिकोणमितीचं एक सूत्र पुरतं. कोणत्याही भाषेत दहा-बारा ओळींचा कोड होतो. पण हे सूत्र दोन बिंदूंच्या मध्ये काय आहे हे विचारत नाही. डोंगर, समुद्र, सरहद्द, त्याला सगळं सारखंच.

मधलं काही समजून घ्यायचं तर १५ ऑक्टोबर १९३२ कडे जावं लागतं. त्या सकाळी साडेसहाला जेआरडी टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एकटेच निघाले. विमान होतं 'पस मॉथ'. एकच इंजिन, रेडिओ नाही, वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेलं टपाल त्यांना पुढे न्यायचं होतं. अहमदाबादला पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून आलेल्या डब्यांमधून. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. अहमदाबादमार्गे साधारण १,०३० किलोमीटर, वेळ ७ तास २० मिनिटं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. एअर इंडियाची गोष्ट सुरू होते ती इथून.

या गोष्टीतली बैलगाडी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र नकाशा जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३२ मध्ये सिंध मुंबई इलाख्याचा भाग होता. तो वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ ला. म्हणजे जेआरडी ज्या शहरातून उडाले आणि ज्या शहरात उतरले, ती दोन्ही एकाच इलाख्यातली. कराचीत तेव्हा मराठी वस्ती होती. शिक्षणखात्यातल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तिथे आजही आहे.

पुढे जेट विमानं आली आणि हाच प्रवास दीड तासावर आला. पण तोवर मध्ये सरहद्द आली होती, आणि प्रवासाला किती वेळ लागणार हे आता इंजिनावर ठरत नव्हतं. १९७१ मध्ये दोन्ही देशांमधली विमानं थांबली, ती १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. २००२ च्या सुरुवातीला परत थांबली, २००४ मध्ये परत सुरू झाली. मधल्या एका बऱ्या काळात, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. या वेळी मात्र ते परदेशातून येत होते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. थेट विमानसेवा तर त्याआधीच बंद पडली होती. आता मुंबईहून कराचीला जायचं तर, व्हिसा मिळालाच तर, दुबईमार्गे जा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची १,१९०. म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. उड्डाणाचे तीन अधिक दोन तास, आणि मध्ये विमान बदलायला निदान दोन. बेरीज करा: सात.

ताशी आठशे किलोमीटरच्या जेटमध्ये बसून आपण १९३२ च्या पस मॉथइतकाच वेळ घेतो. जेआरडींचा निम्मा वेळ तरी त्या छोट्या इंजिनाने खाल्ला होता. आपला वेळ कोण खातं, हे कुठल्याच सूत्रात बसत नाही.