बदलीवरचा बादशहा

परमुलखात बदली झालेला माणूस पहिलं काम काय करतो? तिथल्या हवापाण्याला नावं ठेवतो. आम्हा बदलीवाल्यांचा मूळपुरुष म्हणजे बाबर. 1526 साली पानिपत जिंकून आग्र्याचं तख्त मिळालं, तरी आत्मचरित्रात गृहस्थाची तक्रार चालूच : इथे बर्फ नाही, चांगले घोडे नाहीत, द्राक्षं नाहीत, खरबुजं नाहीत! त्याचा मोठा सरदार ख्वाजा कलान याने तर इथली हवा सोसत नाही म्हणून गझनीला बदली करून घेतली. (सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं नसावं. ओळख दांडगी होती.)

बाबर राहिला. 1529 साली याच ख्वाजाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की मध्यंतरी कुणी खरबूज आणून दिलं, ते कापून खाताना मला रडू आवरेना. इब्राहिम लोदीला न डगमगलेला माणूस एका फोडीपुढे हरला. पण नुसता रडत बसला नाही. बल्खचा एक माळी गाठून आग्र्याच्या बागेत त्याने बी पेरून घेतलं, आणि त्याच उन्हाळ्यात लहानशी पण झकास खरबुजं हाती आली. पुढच्याच वर्षी बादशहा गेला.

हिमायतनगरला आल्यावर मला हा माणूस जवळचा वाटू लागला. गाव मूळचं वाढोणा. निजामाच्या राजपुत्राचं, हिमायत अली खानाचं, नाव त्याला चिकटलं. 1948 साली निजामी गेली, पाटी राहिली. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात.

भाड्याच्या घराच्या परसात मी चार आळी केली. बी दिलं शाखेतल्या शिपाईमामांनी. त्यांचे वडील पैनगंगेच्या वाळूत वाडी करायचे : खड्डा घ्यायचा, तळाशी शेणखत, वेलाला ओल वाळूखालची. वर इसापूरचं धरण झालं आणि, मामांच्या शब्दांत, "नदीचं काय खरं राहिलं नाही." बी मात्र ते बांधावर दरसाल लावून टिकवत आले. दुकानातल्या संकरित बियाण्याचं तसं होत नाही. त्याच्या फळातलं बी पेरलं तर वाण फुटतो.

पिवळी फुलं भराभर आली, फळाचा पत्ता नाही. घरमालकीणबाई हसल्या. "सायब, हे समदे नर फुलं हायेत. मादी मागून येती, बुडाला गाठ घेऊन. मधमाशीला तरी येऊ द्या की!"

चैत्रात पहिलं खरबूज देठापासून आपसूक सुटलं. मामांना बोलावलं. त्यांनी वास घेतला, एक फोड खाल्ली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग खिशातला रुमाल पसरून त्यावर बिया वेगळ्या करू लागले.