कर्जफेड, कामगारांची : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

रोजगार खंडित झाल्यामुळे, घरातील आजारपणामुळे अथवा कारखान्याला टाळे लागल्यामुळे चढ्या व्याजाने काढलेले कर्ज, मिळकत पुन्हा सुरू झाल्यावर निःशेष फेडण्याची जी दीर्घ आणि कष्टप्रद प्रक्रिया, तिचा विचार या नोंदीत पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि खेड तालुक्यातील चाकण या कारखानदारीच्या प्रदेशापुरता केला आहे. येथील कर्जाचे वैशिष्ट्य असे की, एकाच कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून काम करणाऱ्या दोघांना तीच रक्कम अत्यंत भिन्न व्याजाने मिळते. कायम कामगाराला पतपेढीतून सालीना शेकडा बारा-तेराच्या आसपास, तर कंत्राटी कामगाराला खासगी सावकाराकडून पुष्कळदा दरमहा शेकडा दहाने. हा भेद दोघांच्या काटकसरीचा वा सचोटीचा नसून हजेरीपत्रकातील त्यांच्या स्थानाचा आहे, आणि फेडीचा मार्ग सुगम की दुर्गम हेही बहुतांशी याच स्थानावरून ठरते.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या दोन दशकांत टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती कायम कामगारांची एक स्थिर वसाहत उभी राहिली. या कामगारांनी स्थापिलेल्या सहकारी पतसंस्था हे येथील कर्जव्यवहाराचे सर्वांत निरोगी अंग होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ अन्वये सभासदाने लेखी करार करून दिल्यास मालकाला त्याच्या पगारातून हप्ता कापून परस्पर संस्थेकडे भरता येतो. वसुलीची ही हमी असल्यामुळेच पतपेढीला व्याज माफक ठेवणे परवडते. चाकणची वाढ मात्र निराळ्या काळात झाली. बजाजचा तेथील कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यांच्यामागोमाग महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात सुटे भाग करणाऱ्यांची जी दाटी झाली, तिच्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेला ठेकेदाराकडील कामगार व शिकाऊ उमेदवार हाच बहुसंख्य राहिला. त्याचे नाव कंपनीच्या पगारपत्रकावर नसते. म्हणून तेथील पतपेढीचे सभासदत्व त्याला सहसा मिळत नाही.

या पट्ट्यावरील अलीकडच्या आपत्ती सर्वज्ञात आहेत. २०१९ मधील वाहन उद्योगाच्या मंदीत अनेक ठिकाणी ‘ब्लॉक क्लोजर’ जाहीर होऊन दिवसचे दिवस यंत्रे थांबली. ती धाप ओसरते न ओसरते तोच २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन बंद झाले. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्त्यांना स्थगितीची मुभा दिली खरी, तथापि ती माफी नव्हती. हप्ता थांबला तरी व्याज चालूच राहिले आणि कर्जाची मुदत लांबली. ही गोष्ट अनेक कुटुंबांना उमगली ती नवे हप्तापत्रक हाती पडल्यावर. दरम्यान घरभाडे, किराणा आणि गावाकडे पाठवावयाची रक्कम यांसाठी क्रेडिट कार्ड, मोबाइलवरील अ‍ॅपचे झटपट कर्ज आणि अखेरीस सावकार, या क्रमाने माणूस पायऱ्या उतरत गेला.

सावकारी व्यवहाराचे नित्याचे स्वरूप असे असते. पन्नास हजार रुपये दरमहा शेकडा दहाने ठरतात. पहिल्या महिन्याचे व्याज आगाऊ कापून पंचेचाळीस हजार हातावर ठेवले जातात. आणि मोबदल्यात सही केलेले दोन कोरे धनादेश, सहीचा कोरा मुद्रांक कागद व कित्येकदा दुचाकीचे नोंदणीपुस्तक ताब्यात घेतले जाते. दरमहा पाच हजार याप्रमाणे वर्षभरात साठ हजार भरूनही मुद्दल पन्नास हजारच्या पन्नास हजार शिल्लक राहते, आणि एखादा महिना चुकला की दिवसागणिक दंड चढविणारे ‘मीटर’ सुरू होते. हीच रक्कम सालीना बारा टक्क्यांनी चोवीस हप्त्यांत फेडावयाची असेल, तर हप्ता सुमारे २,३५४ रुपये येतो. म्हणजे सावकाराला नुसत्या व्याजापोटी जे द्यावे लागते, त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत दोन वर्षांनी मुद्दलासह कर्ज संपते. कामगार ऋणात राहतो तो उधळ्या असतो म्हणून, हा समज किती अन्यायाचा आहे, हे दाखविण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे.

या अन्यायाची जाणीव पुणे जिल्ह्याला नवी नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतपत्रे हस्तगत करून जाळली. दख्खनच्या या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. पुढे १९४६ चा मुंबई सावकार अधिनियम आला. १९७५ च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती अधिनियमाने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर व मजूर यांच्याबरोबर अल्प उत्पन्नाच्या कामगारालाही ऋणमुक्तीच्या कक्षेत आणले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरविला. सांप्रत लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्जावर ९ व विनातारणी कर्जावर १२ टक्के, तर इतरांना अनुक्रमे १५ व १८ टक्के असा सालीना कमाल दर शासनाने ठरवून दिला. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास मनाई करून दामदुपटीचा जुना नियम कायम राखला. रकमेची जागा कोरी ठेवून सही घेणे निषिद्ध केले. आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली. दरमहा दहा टक्के म्हणजे सालीना एकशेवीस; कायद्याच्या मर्यादेशी त्याची तुलनाही होऊ शकत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अथवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावयाची असते, आणि धमकी वा मारहाण झाल्यास पोलिसांकडे. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय स्थापन झाल्यापासून चाकणही त्याच्याच हद्दीत येते.

इतके असूनही ऋणको सहसा तक्रार करीत नाही, कारण त्याचे कागद दुसऱ्याच्या पेटीत असतात. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली खटला होईल, पगार जप्त होईल, ही भीती त्याला सतत घातली जाते. तिच्यातील पगारजप्तीचा भाग बराचसा पोकळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये, पोटगीचा हुकूमनामा वगळता, पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग यांना जप्ती लागत नाही. आणि जप्तीसाठी मुळात न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, सावकाराचा शब्द नव्हे. एवढे ज्ञान कारखान्याच्या दारावरील सूचनाफलकावर लागले, तरी कितीतरी घरांना रात्रीची झोप लाभेल, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष फेडीचा क्रम ठरविताना रकमेच्या आकाराकडे न पाहता व्याजाच्या दराकडे पाहणे श्रेयस्कर. लहान देणे आधी मिटविल्याने मनाला उभारी येते हे खरे. परंतु मीटरचे कर्ज चालू ठेवून हातउसने आधी परत करणे म्हणजे दरमहा पगाराचा लचका तुटू देणे होय. कायम कामगाराने पतपेढीचे कर्ज किंवा बँकेतील सोनेतारण काढून सावकार एकरकमी मोकळा करावा. त्यानंतर क्रेडिट कार्डाचा क्रम लागतो. चाळीस हजारांच्या बाकीवर दरमहा साडेतीन टक्के दराने १,४०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणून २५२ रुपये होतात. किमान देय रक्कम दोन हजार असेल, तर तेवढीच भरणाऱ्याचे मुद्दल महिन्याकाठी अवघे ३४८ रुपयांनी घटते. यास्तव कार्ड वापरणे बंद करून, राहिलेली बाकी बँकेकडून ठरावीक हप्त्यांत बांधून घेणे इष्ट. वाहनकर्ज व गृहकर्ज यांचे व्याज तुलनेने सौम्य असल्याने त्यांचे हप्ते नियमित ठेवावेत, मात्र त्यांत जादा भरणा शेवटी करावा. भविष्य निर्वाह निधी उपसून सर्व देणी एकदम वारण्याचा मोह होतो. अवैध सावकारीच्या पाशातून सुटण्यासाठी तो क्षम्य मानता येईल, एरवी म्हातारपणाची पुंजी कार्डाच्या व्याजात घालणे योग्य नव्हे.

बँकेशी थकबाकीची तडजोड करता येते, पण पतअहवालात तिची नोंद ‘पूर्ण फेड’ अशी न होता ‘तडजोड’ अशी होते, आणि पुढील कर्जाच्या वेळी ती आड येते. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी नादारी संहिता, २०१६ मध्ये ‘नव्या प्रारंभा’ची तरतूद लिहिलेली असली, तरी पगारदार माणसासाठी तो भाग अद्याप अमलात आलेला नाही.

कंत्राटी कामगाराला उपलब्ध असलेली साधने याहून तोकडी आहेत. खोलीवरचे दहा-बाराजण मिळून चालविलेली भिशी, पत्नीच्या नावे महिला बचत गटातून मिळालेले बँककर्ज, अथवा सूक्ष्मवित्त संस्था, एवढीच त्यांची व्याप्ती. सूक्ष्मवित्ताविषयी रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. पण सावकाराचा हप्ता कोणत्याही अहवालात दिसत नसल्याने हे संरक्षण ज्याला सर्वाधिक हवे त्यालाच अपुरे पडते. भिशीची उचल पहिल्या काही पाळ्यांत मागून घेऊन ती सावकाराच्या मुद्दलात भरणे, हा येथील कामगारांनी अनुभवाने शोधलेला उपाय आहे आणि तो शहाणपणाचा आहे. मात्र रक्कम रोख न देता बँक खात्यातून द्यावी, दोन साक्षीदारांसमक्ष फारखती लिहून घ्यावी, आणि कोरे धनादेश व मुद्रांक कागद मूळ प्रतींतच परत घ्यावेत. ते परत मिळत नसतील, तर धनादेशांचे क्रमांक नमूद करून त्यांवरील रक्कम न देण्याविषयी बँकेला लेखी कळवावे आणि त्या अर्जाच्या पोचेसह सहायक निबंधकाकडे तक्रार नोंदवावी.