सहा कलदार, सात हाली : कळंब-बार्शीचा जुना हिशोब

मंडळी, परवा बार्शीला एका नातेवाईकाला बघायला दवाखान्यात गेलो होतो. बाहेर टपरीवर चहा घेत सहज चौकशी केली, तर बाकड्यावरच्या पाच जणांपैकी चार आपल्याच जिल्ह्यातले निघाले. एक येरमाळ्याचा, एक वाशीचा. दुखणं मोठं झालं की गाडी बार्शीला वळते. ही सवय फार जुनी आहे.

कळंब ते बार्शी आज पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण १९४८ पर्यंत हा रस्ता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. कळंब निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि बार्शी मुंबई इलाख्यात. बोली एक, देव एक, सोयरीक एक. नाणं मात्र वेगळं.

आपल्याकडं हाली सिक्का, तिकडं कलदार. १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदार बरोबर सात हाली. आमचे आजोबा सांगायचे, बाजाराला जाताना कंबरेला दोन पिशव्या असायच्या. इकडच्या गड्याला सात रुपये मिळाले तरी बार्शीच्या पेठेत ते सहाच.

दुसरी गोष्ट करोडगिरी. सरहद्दीवर नाकं असायचं आणि संस्थानात येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच जकात पडायची. बाहेर जाणाऱ्या मालावरही ती होती. म्हणजे कापड विकत घेताना महाग आणि आपला माल बार्शीला न्यायचा तर तिथंही कात्री. दोन्हीकडून मार शेतकऱ्यालाच. उलट, संस्थानात बराच काळ आयकर नव्हता. त्याचा फायदा कुणाला? ज्याची कमाई मोठी, त्याला.

"निजामाच्या राज्यात स्वस्ताई होती," असं जुनी माणसं अजून म्हणतात. असेलही. पण नुसता भाव बघून राहणीमान कळत नाही. हातात किती येतं, पोरगं कुठं शिकतं आणि आजारी माणूस कुठं नेता येतो, हेही बघावं लागतं.

तिथं बार्शी पुढं गेली. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी पुढं आपल्या तडवळ्यापर्यंत आणि १९११ ला लातूरला पोचली. आपल्या तालुक्याच्या नावाचं 'कळंब रोड' स्टेशन झालं, पण कळंब शहराला रूळ मिळाला नाही. बार्शीत पेठ वाढली, कापडगिरण्या आल्या, मामासाहेब जगदाळेंनी बहुजनांच्या पोरांसाठी बोर्डिंग आणि शाळा काढल्या. इकडं दरबाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मराठी घरातल्या पोराला आधी भाषेचाच डोंगर चढावा लागायचा.

१९४७-४८ ला रझाकारांचा जाच वाढला, तेव्हा आपल्याकडची कितीतरी कुटुंबं रातोरात बार्शीकडं गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ती सरहद्द कायमची पुसली.

कागदावरची पुसली. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याकडं विशेष लक्ष देण्याचा शब्द होता. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष मोजला. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, २०२० ला त्यांची मुदत संपली. आणि आपण अजून बार्शीच्याच टपरीवर चहा पितोय.

बार्शीबद्दल तक्रार नाही, उपकारच आहेत. पण मागासलेपणाचं खापर किती दिवस निजामावर फोडायचं? त्याचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं उलटली. त्यानंतर मतं आपणच दिली, माणसं आपणच निवडली. सप्टेंबरात झेंडावंदन झाल्यावर पुढाऱ्यांना एवढंच विचारा : मोठ्या दुखण्याला बार्शीला जावं लागणार नाही, असा दवाखाना कळंबला कधी?

तुमच्या घरात हाली सिक्का, करोडगिरीची पावती किंवा त्या वेळच्या आठवणी असतील तर कमेंटमध्ये जरूर लिहा. सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.