ऑपरेशननंतर ज्येष्ठांना होणारा भ्रम आणि अ‍ॅक्युपंक्चर

सौंसर-पांढुर्णा भागातून मोठ्या ऑपरेशनसाठी ज्येष्ठांना बहुधा नागपूरला नेतात. खुब्याचे ऑपरेशन नीट होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजी घरच्यांना ओळखत नाहीत, रात्री सलाइनची नळी ओढतात, बरळतात. कुणी म्हणते वात झाला, कुणी म्हणते बाहेरची बाधा. डॉक्टर याला ‘डिलिरियम’ म्हणतात. हे वेड नव्हे, बाधाही नव्हे. काही रुग्ण उलट गप्प आणि गुंगीत राहतात. तेही डिलिरियमच असू शकते. बहुतेकांचा भ्रम उतरतो, पण त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, लघवी तुंबणे किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. म्हणून डॉक्टरांना लगेच सांगावे.

अ‍ॅक्युपंक्चरने हे टळते का? या पद्धतीशी आपल्या भागाचे जुने नाते आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ही पद्धत भारतात आणली. ऑपरेशनच्या सुमारास टाळू, मनगट आणि गुडघ्याखालच्या बिंदूंवर सुया लावून चीनमध्ये अभ्यास झाले आहेत. निष्कर्ष आशादायक आहेत, पण बरेच अभ्यास लहान आहेत. त्यामुळे आम्ही याला खात्रीचा उपाय म्हणणार नाही. करायचेच असल्यास आधी सर्जनला विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असल्यास ते आवर्जून सांगावे आणि सुया नव्या, निर्जंतुक असाव्यात.

जास्त भरवशाचे उपाय साधे आहेत. अमेरिकेतील येल येथे डॉ. शेरॉन इनोये यांनी दवाखान्यात दाखल असलेल्या ७० वर्षांवरील रुग्णांवर असे उपाय करून पाहिले. १९९९ च्या त्या अहवालानुसार डिलिरियमचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, पण उपाय तिथेही लागू पडतात:

• चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी सोबत न्यावी. डॉक्टरांनी परवानगी देताच वापरायला द्यावी.
• रोजच्या सर्व गोळ्यांची यादी द्यावी. झोपेची गोळी किंवा दारूची सवय लपवू नये.
• पाणी, जेवण आणि चालणे डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर सुरू करावे.
• दुखत असल्यास सहन करायला लावू नये.
• दिवसा उजेड, रात्री शांतता ठेवावी.
• ओळखीचे एक माणूस जवळ असावे. वार, तारीख, जागा हळू आवाजात सांगावी. वाद घालू नये, रागावू नये.

घरी आल्यावर जामसावळीच्या मारुतीला जरूर जावे. पण भ्रम दिसताच पहिला निरोप डॉक्टरांना द्यावा.