रमाबाई रानडे : शाळेपासून मतपेटीपर्यंत

स्त्री-मताधिकाराचा लढा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लंडनचे रस्ते येतात. पुण्याचे येत नाहीत. १९२० च्या आरंभी त्याच पुण्यात स्त्रियांचा मोर्चा निघाला आणि त्याच्या अग्रभागी होत्या साठीच्या उंबरठ्यावरील रमाबाई रानडे.

१८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला. तेव्हा त्या निरक्षर होत्या. पतीने शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी टोमण्यांना. मुलींच्या हायस्कूलसाठी त्यांनी सभेत इंग्रजी भाषण वाचून दाखवले, तेव्हा तर घरात जणू अपराधच घडला! ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये उभे राहिले. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. तेथे प्रौढ स्त्रिया, त्यांतही विधवा, शिकून शिक्षिका व परिचारिका होऊ लागल्या.

आता १९२० कडे येऊ. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने झालेल्या १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली होती. पुण्यात प्रश्न उभा राहिला : सक्ती कोणासाठी? पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलगे, मुली मागाहून, असे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे. सक्ती दोघांनाही एकदमच हवी, हा रमाबाईंचा आग्रह. टिळकांविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, या वादात न्याय रमाबाईंच्या बाजूने होता. पैशाची अडचण खरी होती. पण तिचा भार दरवेळी मुलींनीच का वाहायचा?

या वादात मुलींच्या शाळेचा निर्णय नगरपालिकेच्या हाती होता. त्यामुळे शाळा मागणाऱ्या स्त्रीला मतही मागावेच लागले. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्री-मताधिकाराचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. रमाबाई मुंबई इलाख्यातील चळवळीत उतरल्या. १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मत दिले. अर्थात मालमत्तेची अट होतीच, आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रिया त्या काळी कितीशा असणार? शिवाय मत देता येई, निवडणुकीला उभे राहता येत नसे. ती बंदी १९२६ मध्ये उठली. रमाबाई १९२४ मध्येच गेल्या होत्या.

हा सारा कायदा मुंबई इलाख्याच्या सीमेवरच थांबत होता. आमचे पिंपळगाव रेणुकाई, भोकरदन परिसरातले गाव, तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इथल्या पणज्यांना विधानसभेचे मत मिळाले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. पुरुषांच्या बरोबरीने, एकाच वेळी. अट मालमत्तेची नव्हती, वयाची होती : एकवीस वर्षे पूर्ण.