स्कंक, पट्टेरी : घराभोवतीचा वावर आणि बंदोबस्त

पट्टेरी स्कंक (शास्त्रीय नाव मेफिटिस मेफिटिस) हा दक्षिण कॅनडापासून उत्तर मेक्सिकोपर्यंत आढळणारा निशाचर प्राणी. आकाराने मांजराएवढा, अंग काळेभोर, मानेपासून पाठीवर दुभंगत गेलेला पांढरा पट्टा आणि झुपकेदार शेपूट. पूर्वी त्याला पाणमांजराच्या कुलात धरत. १९९० च्या दशकातील आनुवंशिक अभ्यासानंतर त्याचे मेफिटिडी हे कुल वेगळे मानले गेले. भारतात स्कंक नाही. न्यू जर्सी किंवा ऑन्टारिओत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची मात्र त्याच्याशी डेकखाली किंवा अवजारांच्या शेडखाली गाठ पडू शकते. अशा वेळी पिंजरा लावून त्याला लांब सोडून यावे, हाच विचार आधी मनात येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. स्कंक आसरा आणि अन्न यांसाठी येतो. ही दोन्ही जागच्या जागी राहिली, तर एक गेला की त्याच बिळात दुसरा येतो. शिवाय मे-जूनमध्ये मादीला साधारण चार ते सात पिल्ले होतात. आई पिंजऱ्यात अडकली की ती डेकखाली उपाशी मरतात आणि ज्या दुर्गंधीच्या धास्तीने पिंजरा लावला, तीच घरात शिरते. परक्या मुलखात सोडलेल्या प्राण्याला ना बीळ ठाऊक असते, ना पाणी. आजार पसरू नये म्हणून कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत परवानगीविना असे स्थलांतर बेकायदाही आहे.

यावर पहिला आक्षेप फवाऱ्याचा : तोवर अंगावर उडाला तर? फवारा हे स्कंकचे अखेरचे शस्त्र आहे. शेपटीखालच्या दोन ग्रंथींतला साठा पाच-सहा फवाऱ्यांपुरताच असतो आणि तो पुन्हा भरायला आठवडाभराहून अधिक काळ लागतो. म्हणून तो आधी बजावतो : पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फुसकारतो, शेपूट उभारतो. शेवटी अंग असे वळवतो की तोंड आणि बूड दोन्ही समोरच्याकडे होतात. इथवर येण्याआधी आवाज न करता मागे सरकले, तर प्रसंग सहसा टळतो. त्याची नजर कमजोर असते; धावपळीनेच तो बिथरतो. कुत्र्याला मात्र हा इशारा कळत नाही, म्हणून रात्री कुत्र्याला मोकळे सोडण्याआधी अंगणातला दिवा लावून पाहावे.

दुसरा आक्षेप रेबीजचा, आणि तो गंभीर आहे. अमेरिकेत वटवाघूळ, रॅकून आणि कोल्ह्याबरोबर स्कंक हाही या रोगाचा प्रमुख वाहक आहे. पण रोग चावण्यातून, लाळेतून पसरतो, फवाऱ्यातून नाही. दिवसा दिसलेला प्रत्येक स्कंक पिसाळलेला नसतो. पिल्ले असलेली आई उजेडीही अन्न शोधते. झोकांड्या खाणारा, पाय लुळे पडलेला किंवा विनाकारण अंगावर येणारा प्राणी दिसला, तर स्थानिक प्राणी-नियंत्रण विभागाला कळवावे आणि स्वतः लांब राहावे. चावा झालाच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हा धोका पिंजऱ्याने कमी होत नाही, कारण पिंजरा हाताळायला माणसालाच प्राण्याजवळ जावे लागते. कुत्र्या-मांजरांचे लसीकरण आणि घराखालचे बंद बीळ यांनी संपर्कच कमी होतो.

बीळ बंद करण्यात घाई नको. तोंडाशी चुरगळलेले वर्तमानपत्र सैलसर कोंबावे. दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाही तर आत कोणी नाही असे समजावे. थंडीत हा पडताळा फसतो, कारण अनेक माद्या एकत्र पडून राहतात आणि कित्येक दिवस बाहेर येत नाहीत. कागद हलला तर बाहेरच उघडणारे एकतर्फी झडपेचे दार बसवावे, पण मेपासून उन्हाळा सरेपर्यंत नाही. तेव्हा आत पिल्ले असू शकतात. बीळ रिकामे झाले की मग अर्ध्या इंचाच्या छिद्रांची मजबूत जाळी फूटभर खोल पुरून तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवावी. खणत आलेला स्कंक त्या कडेशी अडतो. तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात तो पडला, तर खरखरीत फळी तिरपी सोडावी. चढणे त्याला फारसे जमत नाही, पण फळीवरून तो आपणहून निघून जातो. मांजराची उरलेली वाटी, पाखरांसाठी टाकलेले दाणे, झाडाखालची फळे आणि उघड्या कचऱ्याच्या पिशव्या रात्री बाहेर राहता कामा नयेत. हे एका घराने करून भागत नाही : शेजारी भटक्या मांजरांसाठी रात्रभर ताट ठेवत असतील, तर स्कंकचा रस्ता आपल्याच अंगणातून जातो.

हिरवळीत पडलेले छोटे निमुळते खड्डे पाहून लोक स्कंकवर चिडतात. खरे दुखणे मात्र मातीत असते. तो गवताची मुळे कुरतडणाऱ्या अळ्या उकरून खातो. त्यांत १९१६ मध्ये अमेरिकेत प्रथम न्यू जर्सीतच सापडलेल्या जपानी भुंगेऱ्याच्या अळ्या पुष्कळ असतात. ऐन उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कमी दिले की अंडी कमी तगतात. अळ्या घटल्या की खणणेही घटते. उंदीर आणि जमिनीतल्या गांधीलमाश्यांची पोळीही तो फस्त करतो, हे त्याच्या हिशेबात धरायला हवे.

फवारा उडालाच तर टोमॅटोच्या रसाचा उपयोग नाही. नाक वासाला सरावते, एवढेच. ही दुर्गंधी थायॉल या गंधकयुक्त संयुगांची असते आणि त्यांचे ऑक्सिडीकरण केले तरच ती जाते. रसायनज्ञ पॉल क्रेबॉम यांची १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली कृती आजही वापरतात : साधारण एक लिटर ३ टक्क्यांचे ताजे हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण. मिश्रण लगेच, डोळे वाचवून अंगावर चोळावे, पाचेक मिनिटांनी धुवावे. उरलेले बाटलीत कोंबू नये. निघणाऱ्या वायूने बाटली फुटते. फवाऱ्यात थायोअॅसिटेटही असतात आणि ओलाव्याने त्यांचे हळूहळू थायॉल बनतात. म्हणून धुतलेला कुत्रा पुढे कधी पावसात भिजला की पुन्हा वास मारतो. तो फवारा जुनाच असतो. त्यासाठी नव्या स्कंकचा शोध घ्यायची गरज नाही.