गुरांचे हृदय (खाद्यपदार्थ)

गुरांचे हृदय हे गाय, बैल किंवा वासरू यांच्या हृदयस्नायूपासून मिळणारे खाद्य मांस होय. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, जीभ व जठर यांच्याबरोबर त्याची गणना अवयवमांसात केली जाते. रचना आणि चव या दोन्ही दृष्टींनी मात्र ते इतर अवयवांपेक्षा साध्या मांसाला अधिक जवळचे आहे. यकृताचा उग्रपणा किंवा मूत्रपिंडाचा दर्प त्याला नसतो. प्रथिने, लोह व ब-वर्गीय जीवनसत्त्वे यांनी ते समृद्ध असून त्यातील मेद कमी असतो. पेरू व बोलिव्हिया या देशांत ते आवडीने खाल्ले जाते, तर बऱ्याच औद्योगिक देशांत त्याचा मोठा भाग पाळीव प्राण्यांच्या खाद्यात जातो.

नाव

मराठीत 'काळीज' हा शब्द बोलीभाषेत हृदय आणि यकृत अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. काळीज धडधडते तेव्हा हृदय अभिप्रेत असते. मटणाच्या दुकानात काळीज किंवा कलेजी मागितली, की मिळते ते यकृत. त्यामुळे खाटिकांच्या व्यवहारात हृदयासाठी 'दिल' हा हिंदी-उर्दू शब्द रूढ झाला असून 'दिल-कलेजी', 'दिल-गुर्दा' असे जोडशब्दही ऐकू येतात. जपानी भाषेत हृदयाच्या मांसाला 'हात्सु' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतील 'हार्ट्‌स'चा अपभ्रंश आहे.

रचना

हृदय हा जन्मापासून मृत्यूपर्यंत विश्रांती न घेणारा स्नायू आहे आणि त्याचे खाद्य म्हणून असलेले गुणदोष बहुतांशी यातूनच येतात. त्याचे तंतू आखूड, शाखायुक्त व घट्ट विणलेले असतात. पाठीच्या किंवा मांडीच्या मांसात दिसतात तसे मेदाचे पांढरे धागे त्यात नसतात. मेद असतो तो बाहेरच्या बाजूला, विशेषतः वरच्या टोकाशी आणि रक्तवाहिन्यांच्या खाचांत. सतत ऑक्सिजन लागत असल्याने पेशींमध्ये मायोग्लोबिन व तंतुकणिका यांचे प्रमाण मोठे असते, म्हणून रंग गडद तांबडा दिसतो. प्रौढ जनावराचे हृदय साधारण दीड ते अडीच किलोग्रॅम भरते. वासराचे हृदय त्याहून बरेच लहान व कोवळे असते.

गुरांच्या हृदयाचे एक वैशिष्ट्य नवख्या स्वयंपाक्याला चकित करते, ते म्हणजे त्यात हाड असते. महाधमनीच्या उगमापाशी असलेल्या तंतुमय कड्यात लहान हृदयास्थी आढळतात. त्या झडपांना आधार देतात. साफ करताना हा भाग कापून टाकावा लागतो.

पोषणमूल्ये

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणसारणीनुसार १०० ग्रॅम कच्च्या हृदयात सुमारे ११२ किलोकॅलरी ऊर्जा, १७.७ ग्रॅम प्रथिने आणि ३.९ ग्रॅम मेद असतो. कर्बोदके जवळपास नसतातच. लोह ४.३ मिलिग्रॅम, जस्त १.७ मिलिग्रॅम व सेलेनियम सुमारे २२ मायक्रोग्रॅम असते. ब-१२ जीवनसत्त्व ८.५ मायक्रोग्रॅम असते. प्रौढ व्यक्तीची दैनिक गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम मानली जाते, म्हणजे एका वाढपात ती तिपटीहून अधिक भागते. रायबोफ्लेविन (ब-२) ०.९ मिलिग्रॅम व नायसिन (ब-३) ७.५ मिलिग्रॅम ही प्रमाणेही उल्लेखनीय आहेत. मंद आचेवर शिजवल्यावर पाणी निघून गेल्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिने २८ ग्रॅमपर्यंत व लोह ६.४ मिलिग्रॅमपर्यंत वाढलेले दिसते. ही वाढ केवळ पाणी घटल्याची आहे. शिजवल्याने नवे पोषण निर्माण होत नाही.

या लोहाचा मोठा भाग रक्तरंजकाशी बांधलेला, म्हणजे हीम स्वरूपाचा असतो. पालेभाज्या व कडधान्यांतील लोहापेक्षा तो आतड्यात अधिक सहजपणे शोषला जातो आणि चहा किंवा धान्यातील फायटेट यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात आहारतज्ज्ञ अवयवमांसाचा विचार करतात तो यामुळेच. त्यातही यकृत आणि हृदय यांत एक महत्त्वाचा फरक आहे. १०० ग्रॅम गोयकृतात अ-जीवनसत्त्व सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम असते आणि त्याच्या अतिरेकामुळे गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून गर्भवतींना यकृत टाळण्याचा सल्ला अनेक देशांत दिला जातो. हृदयात अ-जीवनसत्त्व नगण्य असल्याने हा धोका त्याला लागू होत नाही.

दुसऱ्या बाजूला, १०० ग्रॅम कच्च्या हृदयात कोलेस्टेरॉल सुमारे १२४ मिलिग्रॅम असते, आणि प्युरिनचे प्रमाणही बरेच असते. प्युरिनपासून शरीरात यूरिक आम्ल तयार होत असल्याने संधिवाताचा 'गाउट' हा प्रकार असलेल्या रुग्णांना ते वर्ज्य सांगितले जाते.

हृदय हे को-एन्झाइम क्यू-१० या द्रव्याच्या सर्वांत समृद्ध खाद्यस्रोतांपैकी एक आहे. हे द्रव्य १९५७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी प्रथम वेगळे केले, तेही गुरांच्या हृदयातील तंतुकणिकांतूनच. पेशीतील ऊर्जानिर्मितीत त्याची भूमिका निर्विवाद आहे. तथापि 'हृदय खाल्ल्याने हृदय बळकट होते' हा समज त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या अवयवाला पीडा, तोच अवयव खावा, ही कल्पना अनेक संस्कृतींत जुनी असून क्यू-१० च्या शोधाने तिला केवळ नवी परिभाषा मिळाली.

साफ करणे व शिजवणे

ताजे हृदय स्पर्शाला घट्ट व लवचिक असते. प्रथम बाहेरचे आवरण व मेद काढून ते उभे चिरतात आणि पुस्तकासारखे उघडतात. कप्प्यांत साठलेल्या रक्ताच्या गाठी धुऊन काढतात. झडपा, त्यांना धरून असलेले पांढरे दोरे, महाधमनीचा कडक भाग व हृदयास्थी कापून टाकतात. आतील पृष्ठभागावरचा चिवट पापुद्राही सुरीने सोलतात. काही स्वयंपाकी ते मिठाच्या पाण्यात किंवा दुधात तासभर भिजवतात. ताज्या हृदयाला याची गरज नसते.

पुढे दोनच मार्ग उरतात. एक, पातळ काप करून प्रखर आचेवर एक-दोन मिनिटांत भाजणे. दोन, पाण्यात किंवा रश्श्यात दोन-तीन तास मंद शिजवणे. या दोहोंच्या मध्ये थांबले, तर मांस रबरासारखे होते. उष्णता लागताच स्नायूतील प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात, मात्र तंतूंना बांधणारे कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला बराच वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटे उकळलेल्या तुकड्यात पहिली क्रिया पूर्ण झालेली आणि दुसरी जेमतेम सुरू झालेली असते. प्रेशर कुकरमध्ये हा दुसरा टप्पा लवकर गाठता येतो. मेद नसल्यामुळे भाजताना तेल किंवा तूप बाहेरून लावावे लागते, आणि व्हिनेगर किंवा लिंबाचा रस असलेल्या मसाल्यात काही तास मुरवल्यास पृष्ठभाग मऊ होतो.

ब्रिटिश पाकपरंपरेत आख्खे हृदय पाव, कांदा व औषधी पानांच्या सारणाने भरून, दोऱ्याने शिवून भट्टीत मंद भाजले जाते.

अँटिकुचो

हृदयाचा जगातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पेरूतील अँटिकुचो. हृदयाचे चपटे तुकडे 'आखी पांका' या गडद लाल, सौम्य मिरचीचे वाटण, लसूण, जिरे, ओरेगानो व व्हिनेगर यांत मुरवतात, बोरूच्या काड्यांवर ओवतात आणि निखाऱ्यावर भाजतात. भाजताना मक्याच्या कणसाच्या सालांचा कुंचला करून त्याने मसाला व तेल वारंवार लावले जाते. सोबत उकडलेला बटाटा, मोठ्या दाण्यांच्या मक्याचे कणीस आणि तिखट चटणी असते. बोलिव्हियात, विशेषतः ला पाझ शहरात, रात्री विकल्या जाणाऱ्या अँटिकुचोबरोबर शेंगदाण्याची तिखट चटणी देतात. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेचाच असल्याने मराठी वाचकाला ओळखीची वाटणारी ही चव तेथे उपरी नाही.

शब्दाची व्युत्पत्ती बहुधा केचुआ भाषेतील असली तरी नेमकी फोड वादग्रस्त आहे. काटक्यांवर मांस भाजण्याची रीत अँडीज प्रदेशात स्पॅनिश आगमनापूर्वी होती व तेव्हा लामाचे मांस वापरले जाई, असे सांगितले जाते. गुरे, लसूण व व्हिनेगर हे मात्र स्पॅनिशांबरोबर आले. आजच्या रूपाचे श्रेय सर्वसाधारणपणे वसाहतकाळात लिमा व किनाऱ्यावरील मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना दिले जाते. चांगले मांस मालकाच्या घरात जाई आणि हृदय, आतडी, पाय हे गुलामांच्या वाट्याला येत. तीव्र मसाला व निखाऱ्याची आच यांनी त्यांनी त्याच उरलेल्या भागाला रुची आणली. एकोणिसाव्या शतकातील लेखक रिकार्दो पाल्मा यांनी जुन्या लिमाच्या वर्णनात फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवरून लोक वेळ ओळखत असे नोंदवले आहे. त्यांच्या यादीत अँटिकुचो विकणारा दुपारी तीनच्या सुमारास येतो. पुढील काळात हा व्यवसाय मुख्यत्वे स्त्रियांच्या हाती राहिला. 'अँटिकुचेरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विक्रेत्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला शेगडी मांडतात. ऑक्टोबर महिन्यात लिमात निघणाऱ्या 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस'च्या मिरवणुकीच्या वाटेवर त्यांच्याकडे विशेष गर्दी होते. गुलामांचे अन्न म्हणून ओळखला गेलेला हा पदार्थ आता पेरूचा राष्ट्रीय अभिमान मानला जातो. तो घडविणाऱ्यांचे नाव मात्र कोठे नोंदले गेले नाही.

महायुद्धकालीन प्रयोग

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून मांस मोठ्या प्रमाणावर सैन्याकडे जाऊ लागले, तेव्हा घरोघरी अवयवमांस खाल्ले जावे यासाठी सरकारी पातळीवर प्रयत्न झाले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या आहारसवयी समितीच्या कार्यकारी सचिव मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड होत्या. या समितीसाठी आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी रेडक्रॉसच्या स्वयंसेविकांच्या सहा गटांवर एक प्रयोग केला. उद्दिष्ट होते गोहृदय, मूत्रपिंड आणि गोड ग्रंथी (थायमस) हे तीन प्रकार गृहिणींच्या स्वयंपाकघरात आणणे.

तीन गटांना व्याख्यान देण्यात आले. त्यात युद्धप्रयत्नांशी असलेला संबंध, जीवनसत्त्वांचे तक्ते, वास व स्पर्शाविषयीची नावड टाळण्याच्या युक्त्या आणि छापील पाककृती असे सर्व काही होते. उरलेल्या तीन गटांत गृहिणींनी आपसांत चर्चा केली, नवऱ्याच्या कुरकुरीपासून शिजताना येणाऱ्या वासापर्यंतच्या अडचणी स्वतःच मांडल्या, आणि शेवटी येत्या आठवड्यात कोण करून पाहील हे हात वर करून सांगितले. नंतरच्या चौकशीत व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के, तर चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधीही न केलेला यांपैकी एखादा प्रकार घरी वाढल्याचे आढळले. समूहचर्चेच्या परिणामाचे उदाहरण म्हणून हा प्रयोग समाजमानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आजही येतो. १९५५ साली एडिथ बेनेट यांनी केलेल्या अभ्यासात मात्र परिणामाचे कारण चर्चा हे नसून, निर्णय घेण्याची कृती आणि इतरही तसेच ठरवत आहेत ही जाणीव हे असल्याचे दिसून आले.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात दलित समाजाच्या खाद्यपरंपरेत जनावराचा कोणताही भाग वाया न घालवता वापरण्याचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सवर्ण समाजाने निषिद्ध ठरवलेले मांस हा या समाजाच्या प्रथिनांचा एक आधार होता, आणि तेच त्यांना हीन ठरवण्याचे निमित्तही झाले. मेलेल्या जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले ते या संदर्भात. मांस वाळवून केलेल्या 'चान्या'सारखे प्रकार व विविध भागांची रांधणी यांची मराठीतील महत्त्वाची नोंद शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात आढळते. मराठी पाककृतींच्या प्रचलित पुस्तकांत या परंपरेला जवळजवळ स्थान नाही.

महाराष्ट्र प्राणी रक्षण (सुधारणा) अधिनियम, १९९५ याला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाल्यापासून राज्यात गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली. परंतु राज्याबाहेर कायदेशीररीत्या कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी व रेडे या बंदीत येत नाहीत, त्यामुळे राज्यातील दुकानांत 'मोठ्या'चे दिल म्हणून मिळते ते म्हैसवर्गीय जनावराचे असते. त्याची साफसफाई व शिजवण्याची रीत वर दिल्याप्रमाणेच आहे. गोव्यात गाईच्या कत्तलीला बंदी असली तरी प्रमाणपत्राच्या अटीवर बैल कापण्यास मुभा आहे.

सुरक्षितता

गोमांसातून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीच्या (टिनिया सॅजिनाटा) अळ्यांच्या पुटी हृदयात विशेषत्वाने आढळतात. म्हणूनच कत्तलखान्यात पशुवैद्यक तपासणीच्या वेळी जबड्याच्या स्नायूंबरोबर हृदयालाही छेद देऊन पाहतात. बाजारातील हृदयावर दिसणारी चीर बहुधा या तपासणीची असते. उणे १०° सेल्सियसला दहा दिवस गोठवल्यास किंवा पूर्ण शिजवल्यास या अळ्या मरतात. अवयवमांस आतून ७१° सेल्सियसपर्यंत तापवावे, अशी अमेरिकी कृषी खात्याची शिफारस आहे. पातळ काप अर्धवट भाजून खाण्याच्या पद्धतीत हे तापमान गाठले जातेच असे नाही, म्हणून तेथे तपासणी झालेले मांस असणे अधिक महत्त्वाचे ठरते.

इतर उपयोग

सिफिलिसच्या रक्तचाचणीत लागणारे कार्डिओलिपिन हे द्रव्य १९४० च्या दशकाच्या आरंभी मेरी पँगबॉर्न यांनी गोहृदयातून वेगळे केले. त्यामुळे चाचणी अधिक विश्वासार्ह झाली. जिवाणू वाढवण्यासाठी प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या मेंदू-हृदय अर्कातही त्याचा उपयोग होतो. मत्स्यालयात 'डिस्कस' जातीचे मासे पाळणारे किसलेले गोहृदय खाद्य म्हणून वापरतात.